दोन्ही वेळा डावीकडेच

१

क्रेटमध्ये टॉवेल होता, टॉवेलात ड्रोन होता आणि ड्रोनच्या चार पंख्यांपैकी एकाचं पातं मोडलेलं होतं. मोडलेला तुकडा मात्र क्रेटमध्ये नव्हता. तो काल, ऐन दसऱ्याच्या सकाळी, सावळीराम काकडांच्या भुवईतून डॉक्टरांनी चिमट्यानं उपसून काढला होता. सात टाके पडले. दोन बोटं खाली लागता तर डोळा गेला असता.

"ताई, हा का उलटला तेवढं मला सांगा," क्रेट घेऊन आलेली मुलगी म्हणाली. "आणि पाचच्या आत सांगा."

नाशिकरोडला बिटको चौकामागच्या गल्लीत योगिनीचं ड्रोनदुरुस्तीचं दुकान होतं. तिचा हात जितका हलका, तितकं तोंड फटकळ. गिऱ्हाईक "आपोआप बंद पडलं" म्हणालं की तिचं डोकं फिरायचं. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर फिटर होते. आपोआप काही होत नसतं, कुणाचा तरी हात लागलेला असतो, हे ती त्यांच्याकडून शिकली होती. फटकळपणाही त्यांचाच.

"पाचला काय आहे?"

मुलीनं एका दमात सगळं सांगितलं. तिचं नाव वैष्णवी. सावळीराम तिचे वडील. मखमलाबादला झेंडूची शेती. ड्रोन तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, ज्ञानेशचा. तो कळवणचा, लग्नसमारंभाचं शूटिंग करायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सुपारी फुटली होती आणि दिवाळीनंतर लग्न होतं. काल वरून झेंडूचं शेत टिपायचं म्हणून त्यानं अंगणातून ड्रोन उडवला, तो जागीच कलंडला आणि पात्याचा तुकडा बाबांच्या तोंडावर गेला.

"माझा भाऊ शेखर म्हणतो, ज्ञानेशनं मुद्दाम केलं. महिन्यापूर्वी बाबा चारचौघांत त्याला म्हणाले होते, खेळणं उडवून संसार होत नसतो. त्याचा त्यानं डूख धरला म्हणे. आज पाचला ज्ञानेशचे वडील येताहेत. दादा लग्न मोडणार आणि तिथून थेट पोलिसांत जाणार."

"आणि तुला काय वाटतं?"

"ज्ञानेश असं करणार नाही. पण ताई, मला वाटून काय उपयोग?"

उत्तर योगिनीला आवडलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते.

"कितीदा कलंडला?"

"दोनदा. पहिल्यांदा नुसता आडवा झाला. ज्ञानेशनं सरळ करून पुन्हा उडवला, तेव्हा हे झालं."

"कुठल्या बाजूला?"

वैष्णवीनं डोळे मिटून आठवलं. "दोन्ही वेळा डावीकडेच."

योगिनीच्या कपाळाला आठी पडली. खाली खडा असता, वारा असता, तर तो एकदा इकडे आणि एकदा तिकडे पडला असता. दोन्ही वेळा एकाच बाजूला पडतो म्हणजे दोष यंत्रातच होता. तिनं ड्रोन उलटा केला. डावीकडच्या मागच्या हाताची मोटर नवी कोरी होती.

"ही मोटर कुणी बदलली?"

 वैष्णवी खाली बघत म्हणाली, "ज्ञानेशनंच. गेल्या आठवड्यात."

२

मोटरला तीन तारा असतात. त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते. योगिनीला हे वयाच्या दहाव्या वर्षी ठाऊक होतं. ज्ञानेशनं तारा उलट्या जोडल्या असतील, तर चूक असो की मुद्दाम, दोष त्याचाच ठरणार होता. वैष्णवी हे न सांगताच समजली असावी. ती स्टुलावर अंग चोरून बसली.

योगिनीनं चारही पंखे उतरवले, मोटरींच्या माथ्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि ड्रोन चालू केला. पट्ट्या गरगर फिरल्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली एक जोडी उजवीकडून, दुसरी डावीकडून. नवी मोटरही जशी फिरायला हवी तशीच फिरत होती.

"तारा बरोबर आहेत," ती म्हणाली. वैष्णवीनं सुस्कारा सोडला, पण योगिनीनं लगेच हात वर केला. "थांब. अजून कुणी सुटलं नाही."

तिनं पंखे भिंगाखाली धरले. लांबून चारही सारखेच दिसतात, पण असतात दोन जातींचे. दोघांचा पीळ एका बाजूचा, दोघांचा दुसऱ्या. म्हणून दोन पंख्यांच्या बुडाशी बारीक पांढरं कडं असतं आणि तसंच कडं दोन मोटरींवर. कड्याचा पंखा कड्याच्या मोटरवर बसवायचा. उजवीकडचे दोन जागच्या जागी होते. डावीकडचे मात्र पुढचा मागे आणि मागचा पुढे असे बसवले होते.

"उलट्या पिळाचा पंखा हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलतो," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्या ड्रोनची उजवी बाजू उठत होती आणि डावी जमिनीत घुसत होती. तो कलंडणार नाही तर काय करेल?"

"पण पंखे बदलले कुणी?"

तेच योगिनी शोधत होती. डावीकडच्या पंख्यांच्या स्क्रूंची डोकी चावल्यासारखी झिजली होती. उजवीकडचे स्क्रू जसेच्या तसे. ड्रोनवाल्याकडे काडीएवढा स्क्रूड्रायव्हर असतो. इथं कुणीतरी भलतंच जाड हत्यार वापरलं होतं. डावीकडच्या पुढच्या मोटरच्या बुडाशी एक वीतभर पिवळट तंतू गुंडाळला गेला होता. तिनं तो चिमट्यानं सोडवून कागदावर ठेवला. आणि सांध्यात एक लाल ठिपका होता.

"रक्त?" वैष्णवीचा आवाज चिरकला.

योगिनीनं ठिपक्यावर सुईचं टोक टेकवलं. भुकटी झाली. रक्त दुसऱ्या दिवशी काळपट पडतं, ही भुकटी तर लालभडक होती. तिनं त्यावर काही न बोलता ड्रोनमधलं कार्ड काढून संगणकात घातलं. शेवटचं चित्रण अष्टमीच्या संध्याकाळचं होतं. मखमलाबादच्या अंगणातून ड्रोन सरळसोट वर गेला होता, तीन मिनिटं उडून खाली उतरला होता. म्हणजे मोटर बदलल्यानंतरही तो धड होता.

"त्यानंतर ड्रोन कुठं होता?"

"आमच्याच शेडमध्ये, चार्जिंगला. ज्ञानेश नवमीसाठी कळवणला घरी गेला. काल सकाळी नऊला परत आला, तो अंगणातूनच फोन करत होता. मीच ड्रोन आणून त्याच्या हातात दिला."

बोलता बोलता वैष्णवी थांबली. अष्टमीच्या रात्रीपासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत ड्रोन तिच्या घरात होता. पंखे बदलणारा हात घरातलाच होता.

"ताई," ती म्हणाली, "दादा तर नसेल?"

३

ज्ञानेश मखमलाबाद नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेला सापडला. घरात यायची त्याला बंदी होती आणि कळवणला परत जायला पाय उचलत नव्हता. पंचविशी-सव्विशीचा, सडपातळ, दोन दिवसांची दाढी. वैष्णवीला बघून तो उठला आणि योगिनीला बघून पुन्हा बसला.

"पहिल्यांदा कलंडला तेव्हा पंखे का नाही बघितले?" योगिनीनं नमस्कार-चमत्काराला फाटा दिला.

"जमीन उंचसखल आहे असं वाटलं."

"खोटं."

ज्ञानेशनं ग्लास खाली ठेवला. "बाबा बघत होते," तो हळूच म्हणाला. "माझं काम बघायला ते पहिल्यांदाच आले होते. त्यांच्यासमोर तो आडवा पडला. मला लाज वाटली. पंखे काढून बघत बसलो असतो तर म्हणाले असते, बघा याचं खेळणं. म्हणून सरळ केला आणि दुसऱ्यांदा जोर दिला. चूक माझीच आहे, ताई. पण मुद्दाम नाही हो."

"ते किती लांब उभे होते?"

"उभे नव्हते. अगदी जवळ येऊन उकिडवे बसले होते. मी म्हटलं, बाबा, मागं व्हा. ते हसले आणि तिथंच बसले."

योगिनी वैष्णवीकडे वळली. "जो माणूस याला खेळणं म्हणतो, तो उकिडवा बसून त्याच्याकडे बघत होता?"

"मलाही कळलं नाही," वैष्णवी म्हणाली. "बाबा तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते."

दोन वाजून गेले होते. योगिनीनं गाडीला किक मारली. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. पंखे शेखरनं बदलले असतील, तर ज्ञानेश सुटणार आणि या घराचे दोन तुकडे होणार. ते पाप आपल्या हातून घडायचं होतं.

४

काकडांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या बॉनेटवर कुंकवाची बोटं आणि कोमेजलेली माळ. ओटीवर वैष्णवीची आई बयाबाई उरलेला झेंडू ओवत बसली होती, आणि दारातच शेखर उभा होता. तिशीचा, डोळे जागरणानं तांबारलेले.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं. वैष्णवीनं सांगितल्यावर तो आणखी चिडला. "आता बाहेरचे लोक आणून पंचनामा करणार का? माझा बाप आंधळा झाला असता!"

"म्हणूनच आलेय," योगिनी म्हणाली. "शेखरभाऊ, तुम्हाला हे लग्न नकोच होतं ना?"

वैष्णवी दचकली. शेखरनं मात्र आढेवेढे घेतले नाहीत. "नव्हतं. विंचूरच्या वाइन पार्कमध्ये नोकरी असलेला मुलगा मी हिच्यासाठी बघून ठेवला होता. पक्क्या नोकरीचा. हा आज इथं, उद्या तिथं. मला बहिणीची काळजी आहे, त्यात काय चुकलं?"

"ड्रोनचे पंखे कुणीतरी काढून उलटसुलट बसवलेत. तुमच्या शेडमध्ये."

 सगळं ध्यानात येऊन शेखरचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी? अहो, अष्टमीच्या रात्री टेम्पो भरून फुलबाजारात गेलो, तो दसऱ्याला नऊ वाजता घरी आलो. वर्षाचा धंदा त्या दोन दिवसांत होतो. शेजारच्या गाळ्यावरच्या कुणालाही विचारा. दोन रात्री मी टेम्पोतच पाठ टेकली."

"खरंय ते," बयाबाई म्हणाली. "दोन दिस डबा बी तिकडंच धाडला व्हता."

म्हणजे शेखर घरात नव्हताच. योगिनीला बरं वाटलं आणि वाट बंद झाल्यासारखंही वाटलं. ती ओटीच्या कडेला टेकली. बयाबाईच्या हातात सुई-दोरा होता, पांढरा सुती. एक माळ संपली की दुसरी. योगिनीनं खिशातून कागदाची पुडी काढून उघडली आणि तो पिवळट तंतू पुढे धरला.

"मावशी, हा कसला दोरा?"

बयाबाईनं तो बोटांत घेऊन चुरडला. "हा दोरा नाय. केळीचं सोपट हाय, वाळल्या खोडाचं."

"तुम्ही वापरता?"

"म्या कशाला? लय येळ लागतो त्याला. बाजारच्या माळा दोऱ्यातच." तिनं शेडकडे हनुवटीनं खूण केली. "सोपट यांचं. दोऱ्यानं फूल कापतं म्हनत्यात. देवाची आन् खंडेनवमीला अवजारांची माळ ते सोपटातच ववतात, सोताच्या हातानं. त्यात दुसऱ्या कुनाचा हात खपत नाय त्यांना."

योगिनी उठून शेडमध्ये गेली. चार्जिंगच्या खटक्याखाली एक पाट अजून मांडलेला होता. पाटावर विळे, खुरपी, फवारणीचा पंप. सगळ्यांवर कुंकवाची बोटं, सगळ्यांवर झेंडू. पंपाला बांधलेला स्क्रूड्रायव्हर अंगठ्याएवढा जाड होता. आणि पाटाच्या मधोमध ड्रोन मावेल एवढी जागा मोकळी होती, तिच्या चारही बाजूंनी अक्षता.

५

सावळीराम आतल्या खोलीत पलंगावर पडून होते. डोक्याला पट्टी, एकच डोळा उघडा. योगिनीनं दार लोटून घेतलं.

"काका, नवमीला ड्रोनची पूजा तुम्ही केलीत."

उघडा डोळा तिच्यावर रोखला गेला.  बाहेर बयाबाई शेखरला पाणी प्यायचा आग्रह करत होती.

"कुनाला सांगू नको," ते म्हणाले. "म्या त्याला खेळनं म्हनलो व्हतो. समद्या पावन्यांम्होरं. पोरगं मान खाली घालून बसलं. त्या राती मला झोप आली नाय. त्याचं पोट त्याच्यावर हाय, जसं माझं या खुरप्यावर. पन आता तोंडानं कसं म्हनायचं, चुकलो म्हनून? मला जमंना. मंग नवमीला, समदी निजल्यावर, आपल्या अवजारांत त्याचं बी मांडलं. माळ घातली. हात जोडले."

"आणि माळ?"

"काल सकाळी काढाया गेलो. कुनी बघायच्या आत काढायची व्हती. सोपट अडाकलं पंख्यांत. वढलं, तर आनखीच गुतलं. मंग ते दोन पंखे काढले, समदं साफ केलं, पुन्ना बसवले. घट बसवले." त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "पंप खोलतो-जोडतो म्या रोज."

योगिनीनं खिशातून डावीकडचे दोन्ही पंखे काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले. एक मोडका, एक धड. "काका, हे सारखे दिसतात?"

"एकसारखेच हायेत की."

"नाहीत." तिनं त्यांचं बोट धरून पात्याच्या उतारावरून फिरवलं, आधी एका, मग दुसऱ्या. उतार उलट्या दिशांना होते. पांढरं कडं त्यांच्या एका डोळ्याला दिसत नव्हतं, पण बोटाला उतार कळला. बोट मध्येच थांबलं.

"म्हंजी," ते म्हणाले. "म्हंजी पोराला मीच गुन्हेगार केला."

 समजूत घालावी तर खोटं होईल, हे योगिनीला कळत होतं. "मशीनचं मी सगळ्यांना सांगते, काका," ती म्हणाली. "हात कुणाचा होता, ते मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा."

"शेखरम्होरं? त्याच्या म्होरं मी कवा चुकलो नाय."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. ज्ञानेशचे वडील पाऊण तास आधीच आले होते.

६

रावजी देवरे ओटीवर चढले नाहीत. अंगणातच उभे राहिले, शेजारी ज्ञानेश, खाली मान घालून. पांढरी टोपी, हातात पिशवी. पिशवीत सुपारीच्या वेळचा नारळ आणि उपरणं होतं, परत करायला आणलेलं.

"पोलिसांत जाऊ नका, एवढंच मागायला आलोय," ते म्हणाले. "मुलाची जिंदगी जाईल. बाकी तुमचं तुम्हाला परत."

वैष्णवीनं दाराची चौकट धरली. योगिनीनं पुढे होऊन दोनच मिनिटं घेतली. अष्टमीला ड्रोन धड उडाला, त्याचं चित्रण आहे. तारा बरोबर. त्यानंतर ज्ञानेश इथं नव्हता, आणि मधल्या काळात शेडमध्ये कुणीतरी डावीकडचे दोन पंखे काढून जागा बदलून बसवले. ज्ञानेशचा दोष एवढाच, की पहिल्यांदा कलंडल्यावर तो थांबला नाही.

"ते खरंय," ज्ञानेश म्हणाला. "तेवढा माझाच आहे."

"मग पंखे कुणी बदलले?" शेखर गरजला. त्यानं आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. दोघी त्याच्याकडेच बघत होत्या. रावजीही. शेखर एक पाऊल मागं सरला. "माझ्याकडे काय बघताय? मी नाही! आई, तू तरी सांग!"

आतून काहीच हालचाल नव्हती. योगिनी दाराकडे बघत राहिली. हा माणूस गप्प राहिला तर तिला बोलावं लागणार होतं, आणि ती बोलली तर यातलं काहीच सांधणार नव्हतं.

रावजींनी पिशवी ओटीच्या कडेला ठेवली. "चाल ज्ञानेश," ते घरच्या अहिराणीत म्हणाले, "आठे आपलं काय काम शे?"

ते दोघं वळले. फाटकापर्यंत पोचले.

"थांबा, पावनं."

सावळीराम दारात उभे होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात ते दोन पंखे. बयाबाई धरायला धावली, त्यांनी तिला बाजूला केलं.

"पंखे म्या बदलले," ते म्हणाले. "खंडेनवमीला तुमच्या पोराच्या अवजाराची पूजा केली. माळ काढताना पंखे काढले आन् चुकून उलटे लावले. त्याचा काय बी गुन्हा नाय. माझं कपाळ माझ्याच हातानं फुटलं."

"तुम्ही पूजा केली?" शेखरचा विश्वास बसेना. "तुम्ही तर खेळणं म्हणत होता."

"म्हनलो. चुकलो." शब्द बाहेर यायला जड गेले, पण आले. ते अंगणात उतरले आणि ज्ञानेशसमोर थांबले. "ऐक रे. मी काल जवळ बसलो व्हतो ना, तुला वाटलं आसंल, म्हातारा चुका काढाया बसला. म्या तुझं काम बघाया बसलो व्हतो. तुला तवाच सांगाया पायजे व्हतं, तर तू दुसऱ्यांदा घाई केली नसती."

 ज्ञानेश पाया पडायला वाकला, तर सावळीरामांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि धरूनच ठेवलं.

रावजी अजून फाटकापाशीच होते. "आमचा अपमान झाला, काकड," ते म्हणाले. "कालपासून ज्ञानेशची आई जेवली नाही. तिला मी काय सांगू?"

"तुमी नका सांगू." सावळीराम शेखरकडे वळले. "टेम्पो काढ. कळवनला जा. विहीनबाईंची माफी माग, माझ्या वतीनं आन् तुझ्या बी. मानानं घेऊन ये. तारीख त्यांच्याम्होरं धरू."

"आत्ता?"

"आत्ता."

शेखर जागचा हलेना. सगळ्या अंगणाची नजर त्याच्यावर खिळली होती. मग त्यानं खुंटीवरून किल्ली ओढली आणि ज्ञानेशकडे न बघताच म्हणाला, "घर कुठं आहे ते मला माहीत नाही. तू चल."

दोघं एकाच केबिनमध्ये बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. टेम्पो फाटकाबाहेर पडला. बयाबाईनं रावजींपुढे पाण्याचा तांब्या धरला. त्यांनी जरा वेळ घेतला, मग तो घेतला आणि चपला काढून ओटीवर चढले. सकाळपासून डोळ्यांत टिपूस न आणलेली वैष्णवी तेव्हा योगिनीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली.